लेकरू कुणाच्या कडेवर?

"सिस्टर, मी काय करू सांगा. कामाला गेलो तर पोरगं उपाशी, घरात बसलो तर घर उपाशी."

लक्ष्मी टेकडीजवळ सकाळी सव्वासहाला कंपनीच्या गाडीची वाट बघत उभी असलेली एक बावीस-तेवीस वर्षांची पोरगी मला हे म्हणाली. (आमच्या कोल्हापूरकडच्या बाया 'गेलो, बसलो' असंच बोलतात, इतर जिल्ह्यांतल्या वाचकांनी हसू नये.) कागल पंचतारांकित एमआयडीसीत ती गारमेंटच्या शिलाई लाइनवर आहे. बाळ साडेतीन महिन्यांचं. ठेकेदारानं निरोप धाडला होता, "सोमवारपासून ये, नाहीतर दुसरी बघतो." सासू म्हणत होती जा, आई म्हणत होती जाऊ नको, नवरा काहीच म्हणत नव्हता. तिची ओढणी छातीवर ओली झाली होती. घरून निघून तिला अजून अर्धा तासही झाला नव्हता.

या पानावर मी रक्तदाब, साखर, कावीळ असं लिहिते. आज जरा वेगळं लिहिते. पण हाही आरोग्याचाच विषय आहे, आणि तुम्ही वाचाल तेव्हा तुमच्या घरातली कुणी ना कुणी यात सापडेल.

रमाई जयंतीच्या एका कार्यक्रमात एक वक्ते म्हणाले, "आजची आई पैशाच्या मागं लागली, म्हणून पोरांवर संस्कार राहिले नाहीत. रमाईनं घर सांभाळलं म्हणून बाबासाहेब घडले." टाळ्या पडल्या. मी मागं बसले होते, मला टाळी वाजवता आली नाही. रमाईंनी घर सांभाळलं हे खरंच. पण कसं सांभाळलं? बाबासाहेब परदेशात शिकत असताना शेण गोळा करून, शेण्या थापून, विकून. ती बाहेरची मजुरीच होती. आणि गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न ही चार लेकरं त्या माउलीनं मातीआड केली. घरी थांबली म्हणून पोरं वाचली असं त्या घरात झालं नाही, कारण औषधाला पैसा नव्हता. रमाईंचं नाव घेऊन आजच्या बाईला घरात बसवायचं असेल तर रमाईंची गोष्ट पुरती सांगावी.

आपल्या वस्तीत आई बाहेर जाणं ही नवी गोष्टच नाही. माझी आजी गवताचे भारे डोक्यावर घेऊन बाजाराला जायची, तिची आई पाटलाच्या वाड्यावर राबायची. घरात बसून फक्त पोरं सांभाळणारी बाई आपल्यात होतीच कुठं? ती वरच्या जातींच्या वाड्यांत होती, आणि तिथंही तिची पोरं सांभाळायला आपलीच बाई जायची. आता आपल्यातले काही शिकले, नोकरीला लागले, बरं झालं. पण त्यातले काही जण अभिमानानं सांगतात, "आमच्या मिसेसला आम्ही कामाला पाठवत नाही." पाठवत नाही म्हणजे काय? ती काय पार्सल आहे? ज्या घराण्यांच्या चालीरीती आपण टाकून दिल्या, त्यांचाच हा एक जुना दागिना आपण उचलून गळ्यात घातलाय, असं मला वाटतं.

पण म्हणून "प्रत्येक आईनं कामाला गेलंच पाहिजे" असंही मी म्हणणार नाही. कंपनीच्या गेटवर उभं राहून तसं म्हणवत नाही. आठ तासांची पाळी सांगून बारा तास उभं करतात. कोअर शॉपमध्ये वाळू आणि धूर. लघवीला जायला सुपरवायझरला विचारावं लागतं म्हणून बाया पाणी पीत नाहीत आणि मग लघवीला जळजळ घेऊन माझ्याकडं येतात. अशा कामाला कुणी 'स्त्रीमुक्ती' म्हणत असेल तर त्यानं आठवडाभर ती पाळी करावी. कुणाला पहिली दोन-तीन वर्षं लेकराजवळ थांबावंसं वाटलं आणि घर चालत असेल, तर ती मागासलेली नाही. तिच्या कामाला पगार नाही, एवढंच. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाचा वेळ २९९ मिनिटं आला होता, पुरुषाचा ९७. म्हणजे पाच तास आणि दीड तास. आमच्या वस्तीत पुरुषाचा दीड तास मला तरी कुठं दिसला नाही, पण सरकार म्हणतंय तर असेल.

आणि तिसराही प्रकार आहे, त्याचं नाव कुणी घेत नाही. हुपरीकडच्या चांदीच्या धंद्यातलं जोडकाम घरी आणून करणाऱ्या बाया. त्या घरातही असतात आणि कामावरही. लोक म्हणतात, सोयीचं आहे की, पोरगं नजरेसमोर राहतंय. नजरेसमोर राहतंय, पण झाळकामाची ज्योत, ॲसिडचं भांडं आणि रांगणारं पोर एकाच खोलीत. भाजलेला लहानसा हात मी बांधलाय, म्हणून सांगते.

तर मुद्दा आई घरात की बाहेर हा नाहीच. आई नसते तेव्हा लेकरू कुणाच्या कडेवर असतं, हा आहे.

तीन वर्षांपुढच्या पोराला अंगणवाडी आहे, तीही काही तासांची. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या बाळाला अंगणवाडीतून आहाराचं पाकीट घरी मिळतं, पण ते पाकीट शिजवून भरवणारा हात कुणाचा? शरीर आणि मेंदू सगळ्यांत जास्त वाढतो तो हाच काळ, आणि याच काळात आपलं पोर कुणाच्या तरी ओट्यावर बसलेलं असतं. कधी आजीकडं, आणि आजीला स्वतःचीच साखर आणि गुडघे. कधी आठ वर्षांच्या बहिणीकडं, म्हणजे तिची शाळा गेली. कधी शेजारणीकडं महिना हजार-दीड हजार देऊन.

मागच्या पावसाळ्यात एक आजी दीड वर्षाच्या नातवाला घेऊन आली. "सिस्टर, पोरगं दिवसभर झोपतंय, खाईनाच." चौकशी करत गेले तेव्हा कळलं, सांभाळणारी बाई दुपारी खोकल्याचं औषध एक झाकण पाजायची. खोकला नव्हताच. पोरगं गप झोपावं म्हणून. ती बाई वाईट नव्हती, तिच्याकडं चार पोरं होती आणि पत्र्याची एक खोली. सर्दी-खोकल्याच्या अनेक औषधांत झोप आणणारा घटक असतो. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलाला देऊ नये, असं केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच बजावलंय. लहान बाळाचा श्वास मंदावू शकतो. घरात अशी बाटली असेल तर आजच काढून ठेवा, आणि बाळ सांभाळणाऱ्या बाईला हे रागानं नाही, समजावून सांगा.

हे वाचून कुणाला वाटेल, काय अडाणी बाया. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया पोराला अफूची 'बाळागोळी' देऊन कामाला जायच्या. तेव्हाच्या सरकारी डॉक्टरणीनं तसं लिहून ठेवलंय. शंभर वर्षांत अफूच्या जागी सिरप आलं, आणि सिरप नसेल तिथं मोबाइल. पाळणाघर मात्र आलं नाही.

कायद्यात ते आलंय. २८ जुलै १९२८ ला मुंबईच्या कायदे मंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूनं उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. हा भार बराचसा सरकारनं घ्यायला हवा हे त्यांनी मान्य केलं, पण बाईच्या श्रमाचा फायदा मालक घेतो तर त्यानंही वाटा उचलावा, असं ते म्हणाले. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढं १९६१ चा देशाचा कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा झाली, तिसऱ्यापासून १२ आठवडे. ५० किंवा जास्त कामगार असतील तिथं पाळणाघर सक्तीचं झालं. हे ५० म्हणजे ५० बाया नव्हेत, बाया-पुरुष मिळून ५०. गेटवर आम्हाला "आमच्याकडं लेडीज कमी आहेत" असं सांगितलं गेलं, म्हणून हे नीट लिहिते. आईनं दिवसातून चार वेळा पाळणाघरात जावं, आणि बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत तिला पाजण्यासाठी दोन वेगळ्या सुट्ट्या मिळाव्यात, हेही कायद्यात आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे हक्क कायम आहेत. शिवाय तिथं अनेक कारखान्यांनी पैसे एकत्र करून एकच सामाईक पाळणाघर चालवायलाही मुभा दिली आहे.

आता पैशाचं. "बाळंतपणाची रजा दिली तर कंपनी बुडेल" असं सुपरवायझर सांगतो तेव्हा त्याला हा हिशेब सांगा. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्या कामगाराला ईएसआय लागू होतं. पगारातून पाऊण टक्का कापतात आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. १२,००० पगाराला तुमचे ९० रुपये, मालकाचे ३९०. बाई बाळंत झाली की २६ आठवड्यांचा पूर्ण पगार ईएसआयच्या निधीतून येतो, कंपनीच्या खिशातून वेगळा जात नाही. १२,००० पगाराला ही रक्कम ढोबळ हिशेबानं ७०,००० च्या पुढं जाते. अट अशी की आधीच्या दोन सहामाही हप्ता-काळांत मिळून निदान ७० दिवसांचा हप्ता भरलेला हवा. हे काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. ठेकेदाराकडं असाल तरी ईएसआय लागतं, आणि ठेकेदारानं भरलं नाही तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते.

मग बायांना हे मिळत का नाही? एक, पोट दिसायला लागलं की ठेकेदार 'ब्रेक' देतो. दोन, पगार स्लिपच देत नाहीत, त्यामुळं पैसे कापले पण भरले का ते कळत नाही. तीन, आपणच विचारत नाही. त्या लक्ष्मी टेकडीच्या पोरीला मी विमा क्रमांक विचारला, तर ती म्हणाली, "कायतरी कार्ड होतं, ते ठेकेदाराकडंच आहे." तिच्याकडून दीड वर्ष पैसे कापले जात होते. साडेतीन महिन्यांच्या बाळाला सोडून ती कामावर निघाली होती, ते अजून अडीच महिन्यांची भरपगारी रजा तिच्या हक्काची असताना. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. काम सुटलं म्हणून हक्क संपला असं परस्पर समजू नका. गरोदरपणात कामावरून काढलं तरी, एरवी जो प्रसूती लाभ मिळाला असता तो बुडत नाही, असं कायद्यातच आहे. विमा क्रमांक घेऊन ईएसआयच्या कार्यालयात जा, एकटीला भीती वाटत असेल तर आम्हाला न्या.

मी हे सांगते तेव्हा बाया विचारतात, "सिस्टर, तुमचं कसं झालं?" माझं काही फार भूषणावह नाही. जीएनएम करून मी एका खासगी दवाखान्यात लागले होते. मुलगा तीन महिन्यांचा झाला आणि मी नाइट ड्यूटीवर. दुसऱ्यांच्या बाळांना छातीला लावायला शिकवायचे आणि माझं बाळ पंधरा किलोमीटरवर आईजवळ. पांढऱ्या युनिफॉर्मवर दुधाचे डाग पडायचे म्हणून आत फडक्याची घडी ठेवायचे. मॅनेजरला रजेचं विचारलं तर म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला घर सांभाळायचंय की नोकरी?" दूध दाटून गाठी झाल्या, ताप आला, आणि नर्स असून मी तीन दिवस कुणाला बोलले नाही. पाचव्या महिन्यात दूध आटलं. आईनं मुलगा चांगला वाढवला, तो आज कॉलेजात आहे, पण त्या दोन महिन्यांचा विचार अजून मनातून जात नाही. नोकरी केल्याचा पस्तावा नाही. गप्प बसल्याचा आहे.

म्हणून दुधाचं जरा सविस्तर. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको, हे तुम्हाला आशाताईंनी सांगितलंच असेल. कामावर जाणाऱ्या आईलाही ते जमतं. सकाळी निघायच्या आधी बाळाला पोटभर पाजा. हात साबणानं धुवा. झाकणाचं स्टीलचं भांडं पाण्यात उकळून घ्या. अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या थोडी मागं ठेवून आत दाबा आणि सोडा, ओढू नका. पहिल्या दिवशी दोन चमचेच निघेल, चार-पाच दिवसांत हात बसतो. हे दूध घरात झाकून, सावलीत चार तास चालतं. शेजारी कुणाकडं फ्रिज असेल तर आतल्या बाजूला चोवीस तास ठेवता येतं. वर साय आल्यासारखी दिसली तर ते नासलेलं नाही, हलवून घ्या. चुलीवर किंवा गॅसवर तापवायचं नाही, भांडं कोमट पाण्यात ठेवायचं. पाजायला बाटली नको, बोंडलं किंवा वाटी-चमचा. बाळानं पिऊन उरलेलं उष्टं दूध पुन्हा ठेवू नका.

आणि कामावर? दर तीन तासांनी दूध काढलं नाही तर ते दाटतं, गाठी होतात आणि हळूहळू आटतं. संडासात उभं राहून दूध काढणाऱ्या बाया आहेत आपल्याकडं. ते ओतून टाकावं लागतं आणि डोळ्यांत पाणी येतं. कंपनीनं एक पडदा, एक खुर्ची आणि हात धुवायला पाणी दिलं तरी हे टळेल. छाती लाल झाली, दुखून ताप आला तर पाजणं बंद करायचं नाही, त्याच बाजूनं पाजायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडं जायचं.

सहा महिन्यांनंतर सांभाळणाऱ्याच्या हातात काय देऊन जाता ते महत्त्वाचं. चहात बुडवलेलं बिस्किट हे जेवण नव्हे. मऊ भात-वरण तेलाचा चमचा घालून, नाचणीची खीर, कुस्करलेलं अंडं, पालेभाजी, घरात होत असेल तर काळजाचा बारीक तुकडा कुस्करून. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली ५४.२ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यायच्या असतात. चहाबरोबर नव्हे, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर.

आईशिवाय पोर वाढतच नाही, असं मात्र कुणी बायांना घाबरवू नये. महामायेच्या मृत्यूनंतर सिद्धार्थाला महाप्रजापती गौतमीनं वाढवलं. भीमाबाई गेल्यावर भीमाला मीराबाई आत्यानं सांभाळलं. हात आईचेच हवेत असं नाही. स्वच्छ, मायेचे आणि मोकळे हात हवेत. ते बापाचेही चालतील. आमच्या वस्तीत पाळी सुटल्यावर कट्ट्यावर बसणारे भाऊ आहेत, जयंतीला वर्गणी काढण्यात पुढं असतात. त्यांना मी विचारलं तर म्हणतात, "वैनी, आम्हाला जमत नाही पोर धरायला." पंधरा किलोचा डॉल्बीचा बॉक्स धरायला जमतो.

सासूबाईंनाही एक विनंती. लाडक्या बहिणीचे दीड हजार आले म्हणून सुनेला काम सोड म्हणणाऱ्या आहेत, आणि नातू दोन महिन्यांचा असताना कामाला जा म्हणणाऱ्याही आहेत. तिला विचारा. तिची कंबर, तिचं रक्त, तिचं दूध, तिचं मन. ठरवू दे तिला.

कसबा सांगाव, तळंदगे, पट्टणकोडोली आणि कागलच्या वस्त्यांतून आम्ही एमआयडीसीतल्या सामाईक पाळणाघरासाठी सह्या गोळा करतोय. निवेदन कोल्हापूरच्या कामगार आयुक्तालयाच्या कार्यालयाला आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला देणार. मागणी साधी आहे: गाडी थांबते तिथून चालत जाता येईल अशी जागा, स्वच्छ पाणी, शिकवून तयार केलेल्या दोन-तीन बाया, शिजवलेलं अन्न आणि आईला आत जायला परवानगी. त्या बाया वस्तीतल्याच घ्या, म्हणजे त्यांनाही काम मिळेल. सह्या करताना काही जणी नाव लिहायला घाबरतात, ठेकेदाराला कळेल म्हणून. त्यांना मी जबरदस्ती करत नाही. ज्यांच्या घरात कुणी एमआयडीसीत नाही, त्यांनीच आधी सह्या कराव्यात.

त्या पोरीचं कार्ड ठेकेदाराकडून मिळालं. त्यासाठी आम्ही सहा जणी गेलो होतो. विम्याचा अर्ज भरलाय, पैसे अजून आलेले नाहीत. तोवर ती घरी आहे आणि बाळ अंगावर पितंय.

येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर विहारात तासभर थांबा. पगार स्लिप असेल तर ती आणा, नसेल तर आधार कार्ड आणि मोबाइल आणा, विमा क्रमांक कसा शोधायचा ते दाखवते. दूध कसं काढायचं ते बायांना पडद्याआड शिकवणार आहे. भावांनी पोरं घेऊन बाहेर मंडपात बसावं. वाटी-चमचे विहारात आहेत, हात धुवायचा साबण मात्र संपलाय, येणाऱ्यांपैकी कुणीतरी घेऊन यावा.